दिनक्रम आणि वेळापत्रक : घोळ नेमका कुठे होतो

मन थाऱ्यावर नसेल तर दिनक्रम लावा, हे डॉक्टर सांगतात, समुपदेशक सांगतात, घरातली वडीलधारी मंडळीही सांगतात. सल्ला अगदी योग्य आहे. पण तो ऐकून माणूस काय करतो? कागद घेतो, पट्टीनं रेघा मारतो आणि पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने भरतो. चौथ्या दिवशी कागद कपाटात जातो आणि ‘मला दिनक्रम जमतच नाही’ हे वाक्य कायमचं तोंडात बसतं. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. त्या माणसानं दिनक्रम लावलाच नव्हता. त्यानं वेळापत्रक केलं होतं.

वेळापत्रक आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. कोणतं काम, किती वाजता, किती वेळ. परीक्षेच्या अभ्यासाला, गाड्यांना, दवाखान्यातल्या वेळांना ते हवंच. त्यावर आणखी बोलायची गरज नाही.

दिनक्रम या शब्दातच क्रम आहे : उठलं, तोंड धुतलं, उजेडात गेलं, खाल्लं, कामाला बसलं. बरेच जण फरक इथेच संपवतात : एकात घड्याळ, दुसऱ्यात क्रम. पण एवढ्यानं भागत नाही, कारण दिनक्रमातही दोन-चार जागी घड्याळ लागतंच. दोन्ही नीट चाललेले असताना तर ते सारखेच दिसतात. खरा फरक दिसतो तो चुकल्यावर.

वेळापत्रक चुकलं की थकबाकी राहते. नऊचं काम अकराला गेलं, अकराचं तीनला, तीनचं उद्यावर. झोपताना हातात उरते ती न झालेल्या कामांची यादी, आणि उद्याचा दिवस सुरू होण्याआधीच कालचं ओझं त्याच्या डोक्यावर असतं. दिनक्रमात थकबाकी नसते. काल फिरायला जाणं राहिलं म्हणून आज दुप्पट चालायचं नसतं. काल रात्री जेवायला उशीर झाला, आज वेळेवर जेवायचं, हिशेब मिटला. ज्याचं मन आधीच थकलंय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. नैराश्यात माणूस बारीकसारीक गोष्टींसाठी स्वतःला दोष देत असतो. रकान्यांचा तो कागद त्याला दोष द्यायला रोज वीस नवी कारणं पुरवतो. म्हणूनच खचलेल्या माणसाच्या हातात भरगच्च वेळापत्रक देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग दिनक्रमानं मनाला बरं का वाटतं? शिस्तीमुळे, असं उत्तर हमखास मिळतं. मला ते पटत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांच्या वेळा तो सांभाळतो. हे आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी लांब असतं, म्हणून ते रोज बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यावं लागतं. सर्वांत जास्त ते उजेडानं जुळतं. पण जेवण, काम, माणसांशी होणारा संपर्क या रोजच्या घटनाही दिवसाला आकार देतात.

१९८८ साली सिंडी एलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुप्फर या अमेरिकी संशोधकांनी मांडलं की नोकरी जाणं, जोडीदार जाणं, घरात बाळ येणं अशा प्रसंगांत दुःख किंवा ताण तर असतोच, पण रोजच्या या खुणाही पुसल्या जातात. त्यातून झोप विस्कटते, आणि ज्यांना मुळात धोका आहे त्यांची मनःस्थिती ढासळते. पुढे फ्रँक यांनी द्विध्रुवी विकाराच्या (बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणं) रुग्णांसाठी याच विचारावर उपचारपद्धती उभी केली. औषधं चालूच ठेवायची आणि सोबत दिवसाच्या खुणा नोंदवायच्या. त्या नोंदवहीच्या छोट्या आवृत्तीत फक्त पाच गोष्टी आहेत : अंथरुणातून उठणं, दिवसातला कोणाशी तरी पहिला संपर्क, कामाची सुरुवात, रात्रीचं जेवण आणि झोपायला जाणं. कुठेही अर्ध्या तासाचे रकाने नाहीत. त्यातही एक खूण दुसऱ्या माणसाची आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. एकट्यानं राहणाऱ्यानं सकाळी कोणाशी तरी चार शब्द बोलणं हा दिनक्रमाचाच भाग आहे.

या पाचांतली एकच धरायची झाली तर उठण्याची वेळ धरा. झोपायची नको. झोप हुकमानं येत नाही. दहाला आडवं होऊन बारापर्यंत कुशी बदलत राहिलात तर पदरी चिडचिडच पडते. उठणं मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. निद्रानाशावरच्या उपचारातही रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायला सांगतात.

सवयीबद्दल थोडक्यात, कारण तिचीही सरमिसळ होते. सवय म्हणजे विचार न करता आपोआप घडणारी एखादी कृती. दिनक्रमातल्या काही गोष्टी सवयीच्या होतात, काहींसाठी रोज थोडं मन घालावंच लागतं. आणि ते ‘२१ दिवसांत सवय लागते’ आता सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. थकबाकी नाही, ती अशी.

दिनक्रम म्हणजे औषध नव्हे. मन खालावलं की झोप आणि भूक आपोआप विस्कटतात, त्यामुळे कित्येकदा दिनक्रम मोडणं हे आजाराचंच लक्षण असतं. अशा वेळी ‘वेळेवर ऊठ म्हणजे बरं वाटेल’ असं सुनावू नका, डॉक्टरांकडे न्या.

राहता राहिली पाळीत, म्हणजे बदलत्या शिफ्टमध्ये, काम करणारी माणसं. त्यांच्या हातात घड्याळ नसतं आणि वर लिहिलेली उठण्याची वेळ त्यांना पाळता येणार नाही. त्यांनी क्रम धरावा. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर तेच : अंघोळ, हलकं खाणं, घरच्या कोणाशी तरी दोन शब्द, मग पडदे ओढून अंधार आणि झोप.