उंडर, मारी

(२७ मार्च १८८३ – २५ सप्टेंबर १९८०). एस्टोनियन कवयित्री. जन्म राजधानी टॅलिनचा, आईवडील मूळचे हीउमा बेटावरचे. शिक्षण जर्मन शाळेत झाल्यामुळे सुरुवातीच्या कविता जर्मन भाषेत आहेत. १९०४ साली त्यांचे व्यक्तिचित्र रंगवणारे चित्रकार आन्त्स लाइकमा यांनी मातृभाषेत लिहिण्याचा आग्रह धरला. १९१७ मध्ये ‘सिउरू’ या लेखकगटात त्या सामील झाल्या आणि त्याच वर्षी ‘सुनीते’ हा पहिला संग्रह निघाला. त्यातल्या उघड शारीर प्रेमाने खळबळ उडाली. १९२४ साली त्यांनी गटातलेच कवी आर्तुर आद्सन यांच्याशी दुसरा विवाह केला.

त्यांची ओळख बहुधा ‘निर्वासित कवयित्री’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. देश सोडला तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे बहुतेक संग्रह प्रसिद्ध झालेले होते. ‘सुखाचे ग्रहण’ (१९२९) या संग्रहातली कथाकाव्ये त्यांच्या लेखनाचे शिखर मानावीत. लोककथा आणि बायबल यांतली माणसे तिथे अपराध आणि नियती यांच्या कात्रीत सापडतात, आणि कवयित्री कुणाचाही निवाडा करत नाही.

सुनीताची (चौदा ओळींच्या ‘सॉनेट’ या काव्यप्रकाराची) घडण एस्टोनियन भाषेत सहज बसत नाही. या भाषेत आघात शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पडतो; पाच आघातांच्या सुनीताच्या ओळीला मात्र आरंभी एक आघातहीन अक्षर लागते. इंग्रजी-जर्मनमध्ये ही जागा उपपद (इंग्रजीतले ‘अ’, ‘द’ यांसारखा शब्द) भरून काढते; एस्टोनियनमध्ये उपपदेच नाहीत. त्यामुळे ओळ ‘मा’ (मी) किंवा ‘या’ (आणि) अशा एकाक्षरी शब्दाने सुरू करावी लागते. असे शब्द मोजकेच असल्याने नवशिक्याच्या हातून सगळ्या ओळी एकसारख्या होतात. उंडर यांच्या ओळीत तो ‘मा’ भरतीचा वाटत नाही. पुढच्या क्रियापदाचे वजन तोच तोलून धरतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे १९४१ च्या नाताळची शुभेच्छा-कविता. त्या वर्षी १४ जूनच्या सुमारास सोव्हिएत सत्तेने सुमारे दहा हजार माणसांना घरांतून उचलून दूर पाठवले होते. कविता ‘मा’नेच उघडते: मी शांत, पांढऱ्या नाताळवाटेने माझ्या यातनाग्रस्त मायभूमीतून चालते आहे; प्रत्येक उंबऱ्याशी वाकावेसे वाटते, कारण शोक नाही असे एकही घर नाही. मराठी अनुवादकाची इथे एक अडचण होते. एस्टोनियन क्रियापदाला लिंग नाही. मराठीत मात्र ‘चालते’ की ‘चालतो’ हे ठरवावेच लागते. या कवितेत कवयित्रीच बोलते आहे असे धरून ‘चालते’ म्हणता येते. प्रेमकवितांतल्या ‘ता’ या सर्वनामाचा अर्थ मात्र ‘तो’ही होतो आणि ‘ती’ही, तिथे केलेली घाईची निवड मूळची मोकळीक मारून टाकते.

सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा चालून येत असताना हजारो एस्टोनियन माणसे होड्यांतून समुद्रापार गेली. उंडर कुटुंबही त्यांत होते. स्वीडनमधल्या निर्वासित छावणीनंतर ते स्टॉकहोमच्या मेलारहोइडेन उपनगरात स्थिरावले. तिथे उंडर यांनी ड्रॉटनिंगहोल्म नाट्यसंग्रहालयाच्या दफ्तरात नोकरी केली.

परदेशातल्या ३६ वर्षांत त्यांचे दोनच नवे संग्रह निघाले: ‘राखेतल्या ठिणग्या’ (१९५४) आणि ‘कडेच्या प्रदेशात’ (१९६३). ही संख्या पाहून प्रतिभा आटली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. या कविता आखूड आहेत, विशेषणे गळून गेली आहेत, आणि गमावलेला देश बर्फ, झाड, वारा यांच्या रूपाने भेटतो. याच काळात त्यांनी अनुवादही केले. रशियन लेखक पास्तरनाक यांच्या ‘डॉक्टर झिवागो’ या कादंबरीतल्या कविता त्यांपैकीच. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही.

आद्सन १९७७ मध्ये वारले, उंडर तीन वर्षांनी, दोघेही स्टॉकहोममध्येच. टॅलिनच्या नोम्मे भागात त्यांनी १९३३ पासून वास्तव्य केलेल्या घरात पुढे सिउरू गटातलेच लेखक फ्रीडेबर्ट तुग्लास राहिले. आता ते उंडर आणि तुग्लास यांच्या नावाच्या साहित्यकेंद्राचे संग्रहालय आहे. २०१६ मध्ये उंडर आणि आद्सन यांचे अवशेष स्वीडनमधून आणून टॅलिनच्या राहुमे दफनभूमीत ठेवण्यात आले.