बँकेचे व्हॅल्युएशन आणि इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट

मुंबई, ठाणे, डोंबिवली किंवा पुण्याच्या जुन्या भागात पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतला रिसेल फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘बँकेने लोन दिले आहे, म्हणजे बिल्डिंग चांगलीच असणार.’ एजंट तसे म्हणतो, विकणारा म्हणतो आणि घेणाऱ्यालाही ते पटते, कारण बँकेचा माणूस घरी येऊन पाहणी करून गेलेला असतो. त्याने पाहिलेली असते ती घराची किंमत. इमारतीची मजबुती तपासणे हे त्याचे काम नसते.

बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर खोल्यांची मापे घेतो, ती मंजूर नकाशाशी आणि करारनाम्याशी ताडून पाहतो, फोटो काढतो, मजले मोजतो आणि त्या परिसरातले चालू दर व रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले दर, पाहून मूल्य ठरवतो. बँकेला हे मूल्य लागते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते. या पाहणीची फी बहुधा कर्जदाराकडूनच घेतली जाते, तरी अहवाल बँकेसाठी असतो आणि त्याची प्रत कर्जदाराला मिळेलच असे नाही. गैरसमजाचे मूळ बरेचदा या अहवालातल्या ‘इमारतीचे उरलेले आयुष्य’ या रकान्यात असते. तिथला आकडा इमारतीचे वय आणि बाहेरून दिसणारी स्थिती यांवरून अंदाजाने भरलेला असतो. त्यासाठी कोणी काँक्रीटची चाचणी घेतलेली नसते.

स्ट्रक्चरल ऑडिट हे वेगळ्या माणसाचे, वेगळ्या हेतूने केलेले काम आहे. ते सोसायटी करवून घेते, महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो आणि त्यात एक फ्लॅट नव्हे, तर पायाजवळच्या कॉलमपासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सबंध इमारत येते. इंजिनिअर आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो आणि हातोडीने ठोकून पाहतो, कारण आत पोकळी धरलेला गिलावा भद्द वाजतो. कॉलमच्या कोपऱ्याला उभी, सळईच्या रेषेत गेलेली भेग दिसली की तो थांबतो. सळई गंजली की गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून रेटून काँक्रीट फोडतो. अशा भेगेवर नुसती पुट्टी भरून रंग दिला तर ती काही काळाने पुन्हा उघडते. त्यानंतर रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा पाहण्यासाठी), अल्ट्रासोनिक पल्स (आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी) आणि हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता पाहण्यासाठी) या चाचण्या होतात. कार्बोनेशनच्या, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारपणा किती घटला हे पाहण्याच्या, चाचणीत नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन हे रंग दाखवणारे रसायन शिंपडतात : निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि सळईला गंजापासून वाचवण्याची क्षमता गमावलेला भाग बिनरंगाचा राहतो.

मुंबईत या तपासणीवरून इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनेची दुरुस्ती. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची अशी तपासणी बंधनकारकच आहे. प्रत्यक्षात पुढे दुरुस्तीचा खर्च येणार या भीतीने हा विषय सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षे ‘पुढच्या सभेत घेऊ’ म्हणून ढकलला जातो, ही गोष्ट निराळी.

जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साई सिद्धी ही इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. अशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे व्हॅल्युएशन करणाऱ्याला तळमजल्याचे कॉलम पाहण्याचे काहीच कारण नसते. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला कोसळलेली तारिक गार्डन तर फार तर दहा वर्षांची होती. म्हणून इमारत नवी असली तरी एखाद्या इंजिनिअरला फी देऊन, विसार देण्यापूर्वी, फ्लॅट, जिना, पार्किंग आणि गच्ची दाखवावी, असे माझे मत आहे. विक्रीच्या तोंडावर नवे फॉल्स सिलिंग झालेले असेल, तर त्याच्या वर स्लॅब कसा आहे, हे जरूर विचारावे.

एकट्या खरेदीदाराला सबंध इमारतीचे ऑडिट मात्र करवता येत नाही. कोणाच्याही घरात शिरून कॉलम तपासण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणून इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर विकणाऱ्याने सभासद म्हणून सोसायटीकडे लेखी अर्ज करून शेवटच्या ऑडिटची प्रत मागावी आणि दुरुस्ती झाली असल्यास त्यानंतरचे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत सुरक्षित असल्याचा इंजिनिअरचा दाखला, हेही घ्यावे. अहवालाबरोबरच मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचावीत, कारण दुरुस्तीची वर्गणी फ्लॅटमागे किती ठरली आणि ती कधी भरायची, हे तिथेच सापडते. ती वर्गणी जुना मालक भरणार की नवा, हे सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) हाती येण्याआधी करारनाम्यात लिहून घ्यावे. थकबाकी असेल तर सोसायटी तिचा तगादा नव्या सभासदाकडेच लावते.