खिशातलं गाणं स्वस्त कसं झालं

संगीत ऐकण्याच्या छोट्या यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा पहिलेपणाच्या क्रमाने सांगितला जातो: पहिला ट्रान्झिस्टर, पहिला वॉकमन, पहिला आयपॉड. या वस्तू बाजारात आल्या तेव्हा महाग होत्या. रात्रपाळीच्या गेटवर, एसटीच्या खिडकीपाशी, उसाच्या फडात जो प्लेअर रोज वाजतो, तो तिथपर्यंत पोहोचायला प्रत्येक वेळी दुसरंच कोणीतरी लागलं. ती नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात. मला हा इतिहास त्यांच्या बाजूने सांगावासा वाटतो.

1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. रेडिओ तेव्हा फळीवर, विणलेल्या रुमालाखाली बसलेला असे. आत तापून चालणारे काचेचे व्हॉल्व्ह, मागे एरियलची तार, आणि दरवर्षी टपाल कचेरीत भरायची परवाना फी. ज्याच्या घरी रेडिओ नसे तो वेळ साधून शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानात सोनी या नावाने टीआर-55 हा ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला. त्याच्या काही महिने आधी, 1954च्या अखेरीस, अमेरिकेत रीजन्सी टीआर-1 आला होता, किंमत 49.95 डॉलर. ट्रान्झिस्टरला व्हॉल्व्हसारखी तापायला वीज लागत नाही, म्हणून यंत्र छोट्या सेलवर चालू लागलं आणि घराबाहेर पडलं. आपल्याकडे मात्र परवान्याची कटकट 1980च्या दशकापर्यंत उरलीच.

ट्रान्झिस्टरने गाणं हातात दिलं, पण कोणतं गाणं हे केंद्रच ठरवत असे. आपल्या आवडीचं, आपल्या वेळी, हे कॅसेटमुळे शक्य झालं. फिलिप्सने ती 1963मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ऑटेन्स यांच्या गटाने ती घडवली होती. फिलिप्सने हा आराखडा इतर कंपन्यांना शुल्क न घेता वापरू दिला, ही यातली सर्वांत मोठी घटना आहे. त्यामुळे जगात कुठेही भरलेली कॅसेट कुठल्याही टेपवर वाजली आणि स्वस्त माल बनवणाऱ्यांना दार उघडलं.

1 जुलै 1979 रोजी सोनीचा वॉकमन आला. पत्रकारांसाठीच्या छोट्या रेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाचा भाग काढून टाकला, हेडफोन हलका केला आणि 33,000 येन किंमत लावली. आपल्याकडे तो आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात, नाहीतर मुंबईच्या हिरापन्नासारख्या बाजारात दिसे. सर्वसामान्य घरांना परवडला तो त्याची नक्कल करणारा बिननावाचा प्लेअर. त्याची बटणं कडक, आवाज थोडा गुरगुरणारा, आणि पेन्सिल सेल उतरू लागले की गाणं लांबत जाई.

यंत्र कितीही स्वस्त झालं तरी त्यात घालायची कॅसेट महाग असेल तर उपयोग नाही. हा अडसर दूर करण्यात टी-सीरीजचे गुलशन कुमार यांचा वाटा फार मोठा. दिल्लीत फळांच्या रसाच्या दुकानातून सुरुवात केलेल्या या माणसाने 1983मध्ये सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली. कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली, किंमत खाली आणली आणि कॅसेट किराणा दुकानांत, पानाच्या ठेल्यांवर ठेवली. त्या रेट्याचा फायदा प्रादेशिक संगीताला झाला. लहान कंपन्यांना लोकगीतं, भीमगीतं, भक्तिगीतं काढणं परवडू लागलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घरोघरी पोहोचला तो कॅसेटवरून. या श्रोत्यांसाठी तबकड्यांच्या काळात फार थोडं निघत असे, हे विसरून चालणार नाही. त्याशिवाय गावोगावची ‘कॅसेट भरून देणारी’ दुकानं होतीच: वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी 60 किंवा 90 मिनिटांची भरलेली कॅसेट घेऊन जायची. कायद्याच्या नजरेत ते बसत नव्हतं. पण स्वतः निवडलेल्या गाण्यांचा संग्रह ही कल्पना बहुसंख्य मराठी घरांत याच वाटेने आली.

पुढचा टप्पा हिशेबाचा आहे. सीडीवर एका सेकंदाच्या स्टीरिओ आवाजासाठी सुमारे 14 लाख बिट खर्च होतात. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादेचा उपयोग केला. मोठ्या आवाजाखाली दबून जे ऐकूच येत नाही ते साठवायचंच नाही. त्यातून सेकंदाला 1 लाख 28 हजार बिटांत चालण्याजोगं गाणं बसलं, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. 1995मध्ये या फायलींना ‘.एमपीथ्री’ हे शेपूट लागलं. ही गाणी साठवायला न हलणारी, वीज गेली तरी न पुसणारी फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकातच मांडली होती. 1998मध्ये दोन्ही एकत्र आले: आधी कोरियाच्या साएहान कंपनीचा एमपीमॅन, मग अमेरिकेत डायमंडचा रिओ पीएमपी300. रिओची किंमत 200 डॉलर, मेमरी 32 एमबी. म्हणजे जेमतेम अर्धा तास गाणं. विलंबित ख्यालाची एखादी मैफल त्यात बसलीच नसती. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने डायमंडला कोर्टात खेचलं. जून 1999मध्ये अपील कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला आणि स्वतःच्या संगणकातली गाणी खिशातल्या यंत्रात नेण्याची वाट मोकळी झाली. 2001चा 399 डॉलरचा आयपॉड याच वाटेने आला.

आणि आता ते नाव, ज्याला मी या गोष्टीत सर्वांत वरचं स्थान देतो: चीनमधल्या झुहाई शहरातली ॲक्शन्स सेमीकंडक्टर. 2004-05च्या सुमारास आपल्याकडे ‘चायनाचा एमपीथ्री’ म्हणून जो पेनड्राइव्हच्या आकाराचा प्लेअर आला, ज्याच्या इवल्याशा पडद्यामागचा उजेड रंग बदलायचा आणि जो एका बारक्या सेलवर चालायचा, त्यापैकी असंख्यांच्या पोटात या कंपनीची चिप होती. तिचा नियंत्रक 1976च्या झेड-80 प्रोसेसरच्या धर्तीचा होता. गाणं उलगडण्याचं जड काम शेजारचा वेगळा भाग करी, त्यामुळे हुकूम सोडायला जुना, साधा नियंत्रक पुरे होता. त्याच चिपमध्ये यूएसबी, एफएम, आवाज मुद्रित करण्याची सोय आणि पडदा चालवण्याची व्यवस्था. कारखान्याने त्याभोवती प्लॅस्टिकची डबी जोडली, फ्लॅश मेमरीचा एक तुकडा बसवला, की प्लेअर तयार. कारखाने शेकडो, डब्यांचे आकार वेगवेगळे, आतला प्रोग्राम मात्र जवळपास एकच. टेक्ससमधल्या सिग्माटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीने 2005मध्ये ॲक्शन्सविरुद्ध पेटंटभंगाची तक्रार केली, पुढच्या वर्षी अमेरिकी व्यापार आयोगाने ती ग्राह्य धरली आणि 2007मध्ये दोघांत तडजोड झाली. तोवर पुण्याच्या तपकीर गल्लीपासून तालुक्याच्या मोबाइल दुकानापर्यंत हे प्लेअर पोहोचले होते. त्यांत भरायला फुटपाथवर मिळणारी, दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी होतीच.

या प्लेअरांतली एक फसवणूक मात्र सांगायलाच हवी. मेमरी 512 एमबीची असताना आतल्या प्रोग्राममध्ये फेरफार करून ती दुप्पट-चौपट दाखवली जाई. खरी मेमरी भरेपर्यंत सगळं सुरळीत चाले, मग नवं गाणं जुन्यावर लिहिलं जाई आणि दोन्ही बिघडत. स्वस्त मेमरी कार्डांत हा प्रकार अजून चालतो. नवं कार्ड आणलं की आधी ते काठोकाठ भरावं आणि भरलेलं शेवटपर्यंत वाजतं का पाहावं.

स्वस्त आणि टिकाऊ यांचा मेळ सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपमध्ये जमला. 2007मध्ये पहिला क्लिप आणि 2009मध्ये मायक्रोएसडी कार्डाची खाच असलेला क्लिप प्लस. काडेपेटीएवढा जीव, शर्टाला अडकवायची क्लिप, कंपनीच्या दाव्याप्रमाणे एका चार्जवर 15 तास. रॉकबॉक्स हा हौशी प्रोग्रामरांनी बनवलेला मुक्त प्रोग्राम त्यावर चढवता येई. मग जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू होणं, नावांच्या क्रमाने वाजणं या गोष्टी मिळत. रोज वापरणाऱ्याला आवाजाच्या दर्जाइतक्याच या लहान सोयी महत्त्वाच्या असतात. दोन तासांचं कीर्तन बस थांब्यावर आली म्हणून मध्येच बंद केलं आणि परत लावताना पहिल्यापासून सुरू झालं, की तो प्लेअर लवकरच खणात जाऊन पडतो.

आपल्याकडे मोठ्या संख्येने लोकांचा प्लेअर झाला तो मेमरी कार्डवाला मोबाइल, आणि त्यासोबत कॅसेट भरून देणाऱ्यांची पुढची पिढी: ‘गाणी टाकून देणारे’. मग फोन मोठे झाले. 2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, गाणी इंटरनेटच्या ढगातून येऊ लागली. तरी 2017मध्ये सारेगामा या संगीत कंपनीने 5,000 जुनी गाणी आधीच भरलेला कारवां हा रेडिओसारखा प्लेअर काढला आणि त्याला गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या खालच्या थरात आठवडी बाजारातली कार्ड आणि एफएमवाली छोटी पेटी आहे. अशा कितीतरी पेट्यांत नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-5सी बॅटरी बसते, ती कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते, म्हणून पेटी वर्षानुवर्षं चालते. ज्याने कुणी हा मेळ पहिल्यांदा घातला त्याने वापरणाऱ्याचा विचार केला होता.

या यंत्रांचा एक स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. बरेच स्वस्त प्लेअर गाणी नावाच्या नव्हे, तर कार्डावर उतरवल्याच्या क्रमाने वाजवतात. हरिपाठाचे भाग एकापाठोपाठ हवे असतील तर फायलींना 01, 02 नाव देऊन पुरत नाही. त्या त्याच क्रमाने एकेक करून उतरवाव्या लागतात.

एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम फ्राउनहोफरने एप्रिल 2017मध्ये थांबवला, कारण पेटंटं संपली होती. म्हणजे आता किंमत उरली ती चिप, बॅटरी, कार्ड आणि डबीची. एवढं स्वस्त होऊनही पडद्यावर ‘अभंग’ लिहिलेलं बहुतेक प्लेअरांना वाचता येत नाही, तिथे रिकामे चौकोन दिसतात. मग नावं रोमन लिपीत लिहायची, आणि ज्यांना ती वाचता येत नाही त्यांनी बटण किती वेळा दाबायचं ते पाठ करायचं. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. 16 बाय 16 ठिपक्यांच्या एका आकृतीला 32 बाइट लागतात. नेहमीची जोडाक्षरं धरून 500 आकृत्या केल्या तर 16 केबी होतात, म्हणजे एका सेकंदाच्या एमपीथ्री गाण्याएवढ्या. अक्षरं जुळवणारा छोटा प्रोग्राम वेगळा लागेल, पण तोही कुणीतरी एकदाच लिहायचा आहे. आपल्याकडे हे प्लेअर मागवून स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपन्यांनी ही एक मागणी कारखान्यापुढे ठेवायला हवी.