हुबेहूब केला म्हणजे चरित्रपट जमला असं नाही

साताऱ्यात 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की आधी 'आपल्या पाचगणीचा' येतं आणि पाठोपाठ त्याच्यावरच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चरित्रपटाचं कौतुक. चार ऑस्कर, त्यातलं एक रामी मलेकच्या अभिनयाला, 'काय हुबेहूब केलाय!' केलाय, वादच नाही. पण नक्कल हुबेहूब असणं आणि चरित्रपट चांगला असणं यांची गल्लत दर नव्या चरित्रपटाच्या वेळी होते, आणि आता तिचा मनापासून वैताग आलाय.

नक्कल कुणालाही कळते. नकली दात, मिशी, चाल. १९८५ चा लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा 'लाइव्ह एड' हा मदतनिधीचा जलसा तर पियानोवरच्या पेप्सीच्या ग्लासांसकट उभा केलाय. दिसण्यात थोडं उणं राहिलं तरी मला चालतं. तारखा हलवल्या तरी चालतं.

मात्र तारीख कशासाठी हलवली, हे बघायलाच हवं. चित्रपटात बँडनं कित्येक वर्षं एकत्र वाजवलेलं नाही, आणि 'लाइव्ह एड'च्या तालमीत फ्रेडी एड्स झाल्याचं सांगतो. मग मैफल, मग आपले डोळे ओले. प्रत्यक्षात क्वीनचा दौरा त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालू होता आणि निदान झालं ते १९८७ च्या सुमारास. म्हणजे वेम्बलीत मरणाशी झुंजणारा बिचारा उभा नव्हता, ऐन भरात असलेला कसलेला गडी उभा होता. वीसएक मिनिटांत अख्खं स्टेडियम मुठीत घेणाऱ्या माणसाला ती गर्दी इतकी का हवी होती? हा अवघड प्रश्न आजारपण पुढे सरकवून टाळलाय. उत्तर शोधायचं तर पाचगणीला यावं लागलं असतं: झांजिबारहून आलेलं फारोख बल्सारा नावाचं आठेक वर्षांचं पोर, सेंट पीटर्सचं वसतिगृह, पियानो, शाळासोबत्यांचा 'द हेक्टिक्स' हा बँड. फारोखचा फ्रेडी झाला तो इथेच. चित्रपटाची गोष्ट मात्र सुरू होते १९७० च्या लंडनमध्ये. पसरणीचा घाट दिसला नाही याचं मला काही नाही, पण माणूस घडला ते वयच कापलं हे खटकतं.

आता १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. तुकोबांचा फोटोच नाही, त्यामुळे विष्णुपंत पागनीसांना कुणाशी जुळवून घ्यायचंच नव्हतं. चमत्कारही भरपूर आहेत. तरी आवली आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि थेट पांडुरंगावर पायताण उगारते, तेव्हा तुकोबांची भक्ती केवढी आणि तिची किंमत घरात कोण मोजतंय, हे एका दमात कळतं. तुकोबा त्या प्रसंगात काही न करताही पुरते उभे राहतात.

मलेकचा फ्रेडी बघून झाला की मी खऱ्या 'लाइव्ह एड'चं चित्रण लावतो. 'संत तुकाराम'मधली गौरीबाईंनी केलेली आवली बघून झाल्यावर खरी आवली कशी होती हे शोधायला जावंसं वाटत नाही.