अपडेट झाल्यावर कॉम्प्युटर काहून रेंगाळते?

राम राम मंडळी. दुकानात नेहमीचा फोन म्हणजे, भाऊ काल चांगला होता, रात्री अपडेट झाला अन् सकाळपासून पीसी चालूनच नाही राह्यला, फॉरमॅट मारून द्या. फॉरमॅटची घाई नका करू.

विंडोजचा महिन्याचा अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघते, आपल्याइकडे तेव्हा रात्र असते, म्हणून त्रास जाणवते तो बुधवार-गुरुवारी, अन् नेमकी तेव्हाच सेवा केंद्रात पीकविम्याची लाईन लागलेली असली की डोकं खराब होते. रिस्टार्ट झाला म्हणजे काम संपलं असं नाही. मागं डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, स्कॅन चालू असते, सर्चची इंडेक्सिंग, म्हणजे फाईली शोधायला यादी बनवणं, असते, जुन्या फाईलींची आवराआवर असते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तीनही बटनं संगट दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसलं अन् वरची नावं विंडोजचीच असली तर मशीन चालू राहू द्या, एखादा दिवस पाहा. घडीघडी बंद-चालू केलं तर तेच काम अजून लांबते.

दोन-तीन दिवसांनीही तसंच असलं तर मग दोष बहुतेक अपडेटचा नसते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असते. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कागदावर पुरते, पण ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की रॅम भरते, मग विंडोज डिस्कवर जागा शोधते अन् डिस्कच हळू, तर माऊससुद्धा अडकते. अशा मशीनला आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका, रॅम नंतर पाहू. आमचा धंदा आहे म्हणून नाही सांगत, फरक तुम्हालाच दिसते.

सी ड्राइव्ह अचानक भरला? मोठ्या व्हर्जन अपडेटनंतर विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर राहते, कितीतरी जीबीचं. जुन्या व्हर्जनवर परत जायचं असलं तर तेच कामी येते, म्हणून लगेच उडवू नका, साधारण १० दिवसांनी ते आपोआप जाते.

आता लाईटचं. स्क्रीनवर अपडेटचे टक्के मोजणं चालू असताना लाईट गेली तर डेस्कटॉप अर्ध्यातच बंद पडते, कधी कधी पुन्हा उठतच नाही. यूपीएस नसला तर अपडेट लोडशेडिंगच्या वेळा पाहूनच लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा. बदल मागे घेऊन राह्यलो असा मेसेज आला तर बटन दाबू नका, विंडोज स्वतःच सावरून राह्यलं असते. अन् मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच साफ.

विंडोज १० चे फुकटचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, जुगाड करून बसवून देणारे भेटतात, आम्ही नाही करत.

अपडेटनंतर अंगठ्याचं मशीन चालत नसलं तर ते केबलसकट घेऊन या, ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून पाहावा लागते. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी राहते, सायंकाळी या.