वळ्यांचा पाईप कच्चा नसतो

वायरिंगच्या लवचिक, वळ्यावळ्यांच्या पीव्हीसी पाईपाची पातळ भिंत पाहून त्याला कच्चा माल ठरवण्याची रीत जुनी आहे, पण ती चुकीची आहे. छपराचा पन्हाळी पत्रा आठवावा: सपाट असता तर तो सहज वाकला असता, पण पन्हाळींमुळे त्यांच्या लांबीच्या दिशेने तो वाकत नाही. पाईपाच्या वळ्या त्याच्याभोवती गोल फिरत असल्याने हाच ताठपणा त्याच्या गोलाईला मिळतो आणि वरून दाब आला तरी तो सहजी चेपत नाही. लांबीच्या दिशेने मात्र तो मोकळाच राहतो, कारण वाकवताना आतल्या बाजूच्या वळ्या मिटतात व बाहेरच्या उघडतात. तितक्याच पातळ भिंतीचा गुळगुळीत पाईप वाकवून पाहा, आतल्या बाजूला चुणी पडते आणि तिथेच वायर अडते.

भारतात अशा पाईपांसाठी आयएस ६९४६ हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा ही काही जुगाडू वस्तू नव्हे.

त्याचा खरा उणेपणा वेगळाच आहे. वायर ओढताना ती प्रत्येक वळीला घासते, त्यामुळे वळणे कमी ठेवावी लागतात आणि पाईप गच्च भरून चालत नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेत दोनांहून अधिक वायरी असल्यास आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपर्यंतच भरण्यास मुभा आहे. शिवाय पीव्हीसी वीजवाहक नसल्याने अर्थिंगची वायर स्वतंत्रच ओढावी लागते, आणि हे मात्र अनेकदा विसरले जाते.