मानद फेलोशिप (सामाजिक शास्त्रं)

मानद फेलोशिप म्हणजे एखाद्या विद्वत्सभेने एखाद्या नावाजलेल्या माणसाला आपणहून दिलेलं सन्मानाचं सभासदत्व. सामाजिक शास्त्रांत, म्हणजे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र वगैरे विषयांत, ती साधारण करिअरच्या उत्तरार्धात मिळते. तिच्यासोबत पैसे येत नाहीत, काम येत नाही, ऑफिस तर नाहीच नाही, आणि तरी मोठमोठे प्रोफेसर ती आपल्या बायोडेटाच्या पहिल्याच पानावर टाकतात.

फेलोशिप म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी स्टायपेंड आठवतो, तेव्हा तो गोंधळ सुरुवातीलाच निस्तरलेला बरा. पीएचडीसाठी मिळते ती फेलोशिप म्हणजे दर महिन्याची रक्कम, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची नॅशनल फेलोशिपसुद्धा ज्येष्ठांना संशोधनासाठी पैसे देणारीच योजना आहे, त्या दोन्हींचा या नोंदीशी संबंध नाही. तिसरा प्रकार ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांचा, ती कॉलेजंही मानद फेलो नेमतात पण तिथे बऱ्याचदा हा आपला माजी विद्यार्थी आहे हे नातं महत्त्वाचं असतं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचंच बघा, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकले आणि १९५९ मध्ये त्याच कॉलेजचे मानद फेलो झाले, पण १९४५ ची रॉयल सोसायटीची फेलोशिप आणि १९५१ ची इकॉनोमेट्रिक सोसायटीची, म्हणजे गणित आणि आकडेवारीने अर्थशास्त्र करणाऱ्यांच्या संस्थेची, फेलोशिप ही वेगळी गोष्ट, तिथे जुन्या ऋणानुबंधाचा प्रश्न नव्हता, त्या क्षेत्रातल्या लोकांनी त्यांचं काम बघून त्यांना आत घेतलं होतं.

विद्वत्सभांमध्ये पायऱ्या असतात आणि प्रत्येक संस्थेचं गणित जरा वेगळं असतं. ब्रिटिश अकॅडमीत, म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या ब्रिटनमधल्या विद्वत्सभेत, तीन प्रकार आहेत: ब्रिटनमध्ये राहून काम करणारे नेहमीचे फेलो, परदेशातले कॉरस्पॉन्डिंग फेलो, आणि मानद फेलो. गंमत म्हणजे इथे मानद फेलो हा सगळ्यात वरचा स्कॉलर असेलच असं नाही, उलट ज्यांनी स्वतः संशोधन न करता या विषयांची मोठी सेवा केली असे लोकही या दारातून येतात, टीव्ही-रेडिओवर ज्ञानाच्या गप्पा लोकांपर्यंत नेणारे मेल्विन ब्रॅग २०१० मध्ये असेच आले. रॉयल अँथ्रोपोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मात्र साधी फेलोशिप बऱ्याच जणांना मिळू शकते, खरा मान मानद फेलोचा. एम. एन. श्रीनिवास आणि आंद्रे बेतेई हे दोघेही भारतीय समाजशास्त्रज्ञ तिथले मानद फेलो, आणि बेतेई त्याशिवाय ब्रिटिश अकॅडमीचे कॉरस्पॉन्डिंग फेलो. म्हणजे एकाच माणसाला एका ठिकाणी मानद म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी कॉरस्पॉन्डिंग, आणि दोन्ही मान तोलामोलाचेच. अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस परदेशी लोकांना मानद सदस्य करून घेते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने १९६५ पासून डिस्टिंग्विश्ड फेलो हा प्रकार सुरू केला. त्यामुळे नुसतं पदाचं नाव वाचून कोण किती मोठा हे ठरवायला जाऊ नये, संस्था कुठली आणि तिच्यात कुणाची मतं चालतात ते बघावं.

या पद्धतीचं मूळ सतराव्या शतकातल्या अकॅडम्यांत आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० ची, आणि सुरुवातीची जवळजवळ दोनशे वर्षं तिथे शास्त्रज्ञांच्या बरोबरीने सरदार, जमीनदार, पाद्री असे हौशी लोकही भरलेले असायचे. १८४७ मध्ये नियम बदलून दरवर्षी मोजकेच फेलो आणि तेही शास्त्रीय कामावरच घ्यायचे असं ठरलं तेव्हा कुठे या मानाला आजचं वजन यायला लागलं. ॲडम स्मिथ १७६७ मध्येच तिथे निवडून आले होते, म्हणजे आपण ज्यांना अर्थशास्त्राचा जनक म्हणतो ते विज्ञानाच्या सभेत बसत होते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, पुढे १७८३ मध्ये एडिनबराची रॉयल सोसायटी निघाली तिच्याही संस्थापक मंडळींत ते आहेतच. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९५ साली नैतिक आणि राजकीय शास्त्रांसाठी वेगळा विभाग काढला गेला, त्याने १८०१ मध्ये अमेरिकेच्या थॉमस जेफरसनना परदेशी सदस्य केलं, पण समाजावर आणि राज्यकारभारावर विचार करणारी माणसं एकत्र बसली की सत्तेला ती खुपतातच, नेपोलियनने १८०३ मध्ये तो विभाग बंद करून टाकला, तो परत उघडायला १८३२ साल उजाडलं.

ब्रिटिश अकॅडमीच्या जन्माची गोष्ट तर अगदी कमिटीछाप आहे. १८९९ मध्ये जगभरच्या अकॅडम्यांचा एक संघ काढायचं ठरलं, त्यात इतिहास-तत्त्वज्ञानाकडच्या बाजूने ब्रिटनतर्फे बसायला कुणीच नव्हतं, रॉयल सोसायटीने ते काम आपल्या अंगावर घ्यायला नकार दिला, मग १९०२ मध्ये सनद मिळवून वेगळी संस्था उभी केली. सामाजिक शास्त्रं तिच्याच छत्राखाली आली. सामाजिक शास्त्रांना संपूर्ण स्वतःचं असं घर ब्रिटनमध्ये मिळायला १९९९ साल उजाडलं, ती आजची अकॅडमी ऑफ सोशल सायन्सेस, तिच्यात विद्यापीठाबाहेर सरकारी खात्यांत वगैरे काम करणारे लोकही फेलो होतात.

बायकांना आत यायला किती वेळ लागला ते बघितलं की या संस्थांचा स्वभाव कळतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला फेलो झाल्या, १८७४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही त्यांना मानद सदस्य केलं, आणि हे नर्सिंगसाठी नव्हे तर सैनिकांच्या मृत्यूच्या आकडेवारीवर केलेल्या कामासाठी. ब्रिटिश अकॅडमीला मात्र पहिली बाई निवडायला १९३१ पर्यंत वेळ लागला. ती बाई म्हणजे बीॲट्रिस वेब, गरिबी, कामगार संघटना, स्थानिक स्वराज्य यांवर आयुष्यभर खणून काढणारी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा त्यांचं वय होतं ७३.

निवड होते कशी, तर अर्ज करून नाही. आधीच्या फेलोंपैकी कुणीतरी नाव सुचवतो, आणखी काही जण सह्या करतात, विषयाची समिती चाळणी लावते, मग सर्वसाधारण सभेत मतदान. उमेदवाराला बऱ्याचदा पत्ताच नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. आपण होऊन शब्द टाकणं वाईट दिसतं, त्यामुळे वशिला लागलाच तर तो फार सभ्य भाषेत लागतो. रॉयल सोसायटीचे जुने उमेदवारीचे कागद बघण्यासारखे आहेत, वर माणसाचं नाव, हुद्दा आणि कामाचा चार ओळींचा मजकूर, खाली सह्यांचे दोन रकाने: उमेदवाराला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांचा वेगळा आणि नुसतं नावलौकिकाने ओळखणाऱ्यांचा वेगळा. कोण ओळखीवर सही करतोय आणि कोण काम ऐकून, हे कागदावरच उघड. असा रकाना आजच्या फॉर्मवरही असता तर बरीच मजा आली असती.

ज्यांना निवडायचं तेच पुढे निवडणारे होतात, त्यामुळे पहिली खेप कशी आहे यावर सगळं अवलंबून. इकॉनोमेट्रिक सोसायटी १९३० च्या डिसेंबरात निघाली आणि १९३३ मध्ये तिने पहिले फेलो निवडले, त्यांत आयर्विंग फिशर, रॅग्नार फ्रिश, केन्स, शुम्पीटर अशी नावं होती, मग पुढच्या प्रत्येक पिढीला त्या यादीत बसायचं होतं. ही यादीच संस्थेची पुंजी. याचा तोटाही तोच, गणिती पद्धतीने काम करणारे गणिती पद्धतीचेच लोक निवडत जातात आणि गावात राहून लोकांशी बोलून अर्थशास्त्र करणारा दाराबाहेर राहतो.

सामाजिक शास्त्रांत या निवडणुका भौतिकशास्त्रापेक्षा जास्त पेटतात, कारण तिथे माणसाचं काम बरोबर की चूक एवढाच वाद नसतो, हे शास्त्र आहे का इथपासून सुरुवात होते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सॅम्युएल हंटिंग्टन. हार्वर्डचे राज्यशास्त्रज्ञ, आपल्या विषयाच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष, आणि अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये त्यांचं नाव १९८६ मध्ये आलं. सर्ज लँग नावाचे येलचे गणिती त्यांच्यामागे हात धुऊन लागले. हंटिंग्टननी १९६८ च्या पुस्तकात समीकरणांसारखी मांडणी केली होती: सामाजिक जागृती भागिले आर्थिक विकास बरोबर सामाजिक वैफल्य, मग ते वैफल्य भागिले वर सरकायच्या संधी बरोबर राजकीय सहभाग, आणि तो सहभाग भागिले राजकीय संस्थांची घट्ट बांधणी बरोबर अस्थिरता. लँगचा सवाल सरळ होता, हे भागायचं कशाने, वैफल्याचं एकक काय, आणि मोजता येत नसेल तर भागाकाराचं चिन्ह कशाला? हंटिंग्टनच्या बाजूच्यांचं म्हणणं असं की ती फक्त नातं दाखवायची थोडक्यातली पद्धत आहे, कुणी कॅल्क्युलेटर घेऊन बसणार नाहीये. दोन्ही बाजूंनी पत्रांचे ढीग पडले, हंटिंग्टन १९८६ मध्ये आणि परत १९८७ मध्येही पडले. मला विचाराल तर समीकरणांवरचा आक्षेप योग्यच होता, पण व्हिएतनाम युद्धाच्या काळातली हंटिंग्टनची सरकारी जवळीक लोकांच्या डोक्यात नव्हती असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही.

याच अकॅडमीतून २०१३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स स्वतःहून बाहेर पडले. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी आदिवासींवर काम करणारे नेपोलियन शॅग्नन वर्षभर आधी निवडून आले होते, त्यांचं संशोधन त्या लोकांना घातक ठरलं असं सालिन्सचं मत होतं, शिवाय अकॅडमी लष्करासाठी करत असलेल्या संशोधनालाही त्यांचा विरोध होता. मान घेताना फार जण हसतमुखाने घेतात, परत करणारे विरळाच.

काढून टाकणं तर त्याहून अवघड. ही पदं तहहयात असतात आणि कित्येक संस्थांकडे हकालपट्टीची धड सोयच नव्हती. कलेतिहासकार अँथनी ब्लंट सोव्हिएत हेर होते हे १९७९ मध्ये जाहीर झालं, राणीने ‘सर’ ही पदवी लगेच काढून घेतली, पण ब्रिटिश अकॅडमीत मात्र माणसाची हेरगिरी आणि त्याची विद्वत्ता यांचा एकमेकांशी संबंध काय यावर चर्चा रंगली, शेवटी १९८० मध्ये ब्लंटनी स्वतःच राजीनामा दिला आणि त्यांच्यावर दबाव आणला म्हणून इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनीही दिला. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीने वर्तनाच्या कारणावरून सदस्य काढता येईल असा नियम केला तो २०१९ मध्ये.

मिळाल्यावर हाती काय लागतं? नावामागे एफबीए (ब्रिटिश अकॅडमीचा फेलो) किंवा एफआरएस (रॉयल सोसायटीचा फेलो) अशी अक्षरं लावता येतात, रजिस्टरात सही करायचा छोटासा समारंभ असतो, मानद असाल तर वर्गणी माफ, आणि दरवर्षी इतरांची नावं सुचवायचं काम मागे लागतं, म्हणजे जिथे ते हक्क दिलेत तिथे. तरुण विद्यापीठांना आणि नव्या विषयांना याचा उपयोग जास्त, आपल्याकडे अमुक इतके फेलो आहेत हे रँकिंगच्या आणि अनुदानाच्या बोलण्यात लगेच पुढे येतं.

आता यातली बनवाबनवी. गेल्या काही वर्षांत भारदस्त नावाच्या कुठल्यातरी इंटरनॅशनल संस्थेकडून तुमची मानद फेलो म्हणून निवड झाली आहे असे ईमेल सर्रास येतात, खाली प्रोसेसिंग फी, सर्टिफिकेटचे पैसे आणि फ्रेमचे वेगळे. खऱ्या संस्थाही सर्वसाधारण फेलोंकडून वर्गणी घेतात त्यामुळे पैसे मागितले एवढ्यावरून खोटं ठरत नाही, पण मानद म्हणून बोलावून वर पैसे मागत असतील तर समजून जावं. आधीच्या फेलोंची पूर्ण यादी उघड आहे का, त्यातले दोन-चार जण आपल्या विषयात खरंच माहीत आहेत का, आणि नाव कुणी सुचवलं याचं उत्तर संस्थेकडे आहे का, एवढं तपासलं तरी दहातले नऊ ईमेल तिथेच गळतात.